सत्तावन्नाव्या वर्षी संगीत नाटक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सरत्या वर्षात मी नऊ संगीत नाटके पाहिली. त्याआधीच्या छप्पन्न वर्षांत एकही पाहिले नव्हते. ज्यांचे बालपणच विंगेत गेले अशा जाणकारांना माझ्या या आकड्याचे हसू येईल. खुशाल हसावे. आमच्यात म्हणतात, नवा मुल्ला कांदा जास्त खातो. माझे सध्या तसेच चालले आहे. भेटेल त्याला मी नाटकाविषयीच सांगत सुटतो, आणि आज तर आकाशवाणीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत. तेव्हा या वर्षातले मला आवडलेले प्रयोग कोणते, आणि का, एवढेच सांगणार आहे. समीक्षा नव्हे.

संगीत नाटकाची माहिती मला अगदीच नव्हती असे नाही. बी.ए.ला मराठी रंगभूमीचा पेपर होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, ते पारशी मंडळींचे उर्दू 'इंद्रसभा' पाहून त्यांना सुचले, ही 'इंद्रसभा' लखनौच्या अमानत यांची, हे सगळे मी दहा गुणांच्या उत्तरात लिहून आलो होतो. गुणही बरे मिळाले. फक्त कानावर एकही पद नव्हते. आमच्या घरात दखनी बोलली जायची, रेडिओवर कव्वाली लागायची. अब्बा अत्तराची पेटी घेऊन गावोगावच्या जत्रांना जात आणि सुट्टीत मी त्यांच्याबरोबर. जत्रेत रात्री तमाशाचा तंबू पडे. त्यामुळे गाण्याचे नाटक म्हणजे ढोलकी, असे माझ्या मनात पक्के होते. संगमनेरच्या कांताबाई सातारकर 2021 साली गेल्या तेव्हा मी त्यांच्यावर कविताही लिहिली. बालगंधर्वांवर मात्र कधी चार ओळी सुचल्या नाहीत. ते नाव पाठ्यपुस्तकातले. आदर वाटावा, पण ओळख नसावी, असे.

मग हे वेड लागले कसे? त्याला माझे कान कारण आहेत.

तीन वर्षांपासून मला ऐकू कमी येते. कमी म्हणजे आवाज कमी नव्हे. आवाज येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टरांनी कानाचा आलेख काढून समजावले, तेव्हा मला ते फारच चमत्कारिक वाटले. वयाने कान उतरायला लागतात ते वरच्या, बारीक आवाजांपासून. आपल्या बोलण्यातले स, श, त, थ, क, फ हे सगळे त्या बारीक आवाजांत मोडतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. म्हणजे आधी व्यंजने जातात आणि स्वर मागे राहतात. कुणी 'सात' म्हटले तर मला नुसता 'आ' ऐकू येतो. तो सात आहे, साथ आहे, की हात आहे, हे ओठ बघून ठरवायचे. जिल्हा परिषदेच्या कचेरीत याने काय गमती होतात त्या सांगत बसत नाही. पण ज्याने तीस वर्षे शब्दांवर शब्द रचले, एका काफियासाठी रात्री जागवल्या, त्याच्या कानातून शब्दच आधी निघून जावेत, ही गोष्ट मला झोपू देत नसे. मुशायऱ्याला जाणे मी बंद केले. समोरचा शेर म्हणतो, सगळे वाहवा करतात, आणि मी त्यांच्याकडे बघून मान डोलावतो. हे किती दिवस करणार?

गेल्या हिवाळ्यात कानाला यंत्र बसवले. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत, त्यांना सगळे नगर पेटीमास्तर म्हणते. ते म्हणाले, "कविराज, यंत्राची परीक्षा घ्यायची तर गाण्यात घ्या. शनिवारी सावेडीला 'संशयकल्लोळ' आहे. मी पेटीवर आहे. पास देतो."

गेलो. हौशी मंडळींचा प्रयोग होता. देवलांच्या या नाटकाचा मूळ गद्य अवतार 1893 चा, आणि पदे घालून ते गंधर्व मंडळीने 1916 साली केले. त्यामागे आर्थर मर्फी या आयरिश लेखकाचे नाटक आणि त्याच्याही मागे फ्रेंच मोलिएर. इतके हात बदलून आलेली वस्तू इतकी मराठी कशी झाली, देवलच जाणे. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या, सगळ्यांची नावे महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून. नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, आणि दोघांचेही पुरावे पक्के! संवाद मला अर्धेमुर्धेच लागले. शेजारचे गृहस्थ हसले की मी हसे. पण रेवती गायला लागली आणि मी खुर्चीत सरळ झालो. तिचे शब्द मला कळले नाहीत. पण तिने एक 'आ' धरला, तो लांबवला, वळवला, खाली आणला, पुन्हा वर नेला, आणि त्यातला कणही माझ्या कानातून सुटला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या आणि शेजारच्या गृहस्थांच्या पदरात सारखेच माप पडले होते. पद संपले तेव्हा मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडले. मास्तर नंतर म्हणाले, तो आवाज तुमचा होता.

मला तो मागून आल्यासारखा वाटला. असो.

त्यानंतर मी सुटलोच. मास्तर जिथे पेटी वाजवायला जातील तिथे मी मागे. त्यांच्या पायपेटीचे एक टोक धरून जिने चढणे हे माझे काम. ही पायपेटी, म्हणजे ऑर्गन, फार जड आणि नाजूक असते. तिचा भाता दोन्ही पायांनी मारायचा आणि हात मोकळे. संगीत नाटकाचा तो ठसठशीत, भरलेला आवाज तिचाच. बिघडली तर ती दुरुस्त करणारा माणूस शोधत फिरावे लागते. बऱ्याच ठिकाणी आता तिच्याऐवजी बॅटरीवरचा कीबोर्ड येतो. मास्तर त्याला 'खोकं' म्हणतात.

फेब्रुवारीत मास्तरांबरोबर गोव्याला गेलो. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानची जत्रा होती, आणि गावातली मुले 'सौभद्र' करणार होती. गोव्यात ही रीतच आहे. देवळाच्या प्रांगणात, जत्रेच्या रात्री, गावचीच माणसे संगीत नाटक करतात. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी हे दोघेही याच तालुक्यातल्या मंगेशीचे, यात मग नवल ते काय! किर्लोस्करांचे 'सौभद्र' 1882 सालचे. अर्जुन संन्याशाचे सोंग घेऊन येतो, बलराम त्या सोंगाड्याला भक्तिभावाने घरात ठेवून घेतो, आणि कृष्ण सगळे जाणून मिशीत हसतो. कृष्ण झालेला मुलगा दिवसा कुठेतरी रोखपाल होता. आवाज गोड, पण मुकुट सैल. दर तानेला तो मुकुट सावरायचा, आणि पुढे पुढे ते कृष्णाच्या स्वभावातलेच वाटायला लागले. माझ्याभोवती चटया टाकून बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना सगळी पदे पाठ होती. नटाच्या आधी त्यांचे ओठ हलत. त्यामुळे माझी चांगलीच सोय झाली: शब्द हवे असले की मी रंगमंचाकडे नव्हे, त्या बायकांकडे बघे.

मी कोण, कुठला, हे मला कुणी विचारले नाही. जेवलात का, एवढे मात्र तीन वेळा विचारले.

परतताना गाडीत मला शाहू मोडक आठवले. आपल्या नगरचे, 1918 साली ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. 1932 च्या 'श्यामसुंदर' चित्रपटात ते कृष्ण झाले आणि पुढे आयुष्यभर पडद्यावर कृष्ण होत राहिले. देशातल्या कितीतरी घरांत कृष्ण म्हणजे हाच चेहरा होता. गावोगावच्या लोकांनी त्यांच्या पाया पडाव्यात आणि त्या पायांचा मालक नगरचा ख्रिस्ती मुलगा असावा, हे आपल्या शहराने जरा जास्त आठवणीत ठेवायला हवे होते. चौकाला नाव द्या असे म्हणत नाही. आठवणीत ठेवा म्हणतो.

आता वर्षातल्या सर्वांत मोठ्या प्रयोगाकडे येतो. मोठा म्हणजे माझ्यासाठी.

ऑगस्टमध्ये श्रीरामपूरला 'एकच प्याला' होते. गडकऱ्यांचे हे नाटक रंगभूमीवर आले फेब्रुवारी 1919 मध्ये, आणि गडकरी त्याआधी जानेवारीतच गेले होते. त्यांनी ते पाहिलेच नाही. दारूच्या पायी सुधाकर नावाचा हुशार वकील मातीत जातो आणि त्याच्याबरोबर त्याची बायको सिंधू. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. मला अधिक रस वाटला तो दुसऱ्या गोष्टीत. यातल्या पदांच्या चालींना सुंदराबाई जाधवांचा हात लागलेला आहे, आणि त्या चालींत गझल-कव्वालीची चांगली ओळखीची वळणे आहेत. पदांचे शब्द गुर्जरांचे. म्हणजे गडकऱ्यांची सिंधू आपले दुःख ज्या वाटेने गाते, ती वाट आमच्या मोहल्ल्यावरूनही जाते. दळण दळताना सिंधू गाते तेव्हा मी अम्मीला आठवत होतो. अम्मी जात्यावर नात म्हणायची.

श्रीरामपूर म्हणजे साखर कारखान्यांचा मुलूख, आणि कारखाना म्हटला की मळीपासून अल्कोहोल आलेच. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीने दारूबंदी करून दाखवली, तीही गोष्ट आपल्यासमोर आहे. त्यामुळे आपल्याकडे 'एकच प्याला' हे जुने नाटक वाटत नाही. तळीराम हा शब्द तर आपण नाटकातून उचलून रस्त्यावर आणला, इतका की तो एका पात्राचे नाव होता हेच पुष्कळांना ठाऊक नसते. सभागृहात बायका बऱ्याच होत्या. माझ्या पुढच्या रांगेत चार-पाच जणी कामावरून परस्पर आलेल्या दिसत होत्या, पिशव्या मांडीवर तशाच. तळीरामाच्या विनोदांना पुरुष हसत होते. या बायका हसत नव्हत्या.

तिसऱ्या अंकात वीज गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प बसला. पाच-सात मिनिटे अंधारात गडबड चालली. मग विंगेतून कुणीतरी कंदील आणून ठेवला, पहिल्या रांगेतल्या मुलांनी मोबाईलचे दिवे धरले, आणि सिंधूचे काम करणारी बाई जिथे थांबली होती तिथून गाऊ लागली. माईक नाही. मास्तरांनी पायपेटीचा आवाज निम्म्यावर आणला. तबलजीने बोटे नुसती टेकवली.

मी कानातले यंत्र काढले. का ते सांगतो. ही यंत्रे बोलण्यासाठी बनवलेली असतात. ती बारीक आवाज वाढवतात, मोठा दाबतात. गाण्याचे त्यांना कळत नाही. लांब धरलेला सूर म्हणजे त्यांना शिट्टी वाटते आणि त्या तो पुसायला बघतात. माईकचा आवाज भिंतीवरच्या खोक्यातून येणार, तो यंत्रात शिरणार, तिथून माझ्या कानात. एवढ्या दलालांनंतर बाईचा आवाज कितीसा उरणार? त्या रात्री मधले सगळे दलाल गेले. मी पिशव्यावाल्या बायकांच्या पुढे, अगदी रंगमंचाखाली जाऊन जमिनीवर बसलो. तिच्या श्वासाची जागा दिसत होती. ती सूर घेण्याआधी खांदा किंचित उचलत होती. शंभर वर्षांपूर्वी सगळेच असे गात होते, माईकशिवाय, शेवटच्या रांगेतल्या आठ आणेवाल्यासाठी, रात्री दहापासून पहाटेपर्यंत. ही कला मुळात उघड्या गळ्याची आहे हे मी वाचले होते. ते म्हणजे काय, ते तेव्हा कळले.

त्या पदाला वन्स मोअर मिळाला नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. पद संपले, पाऊस ऐकू येत राहिला, आणि सुधाकर झोकांड्या खात आत आला. माझ्या वर्षातला सर्वांत उत्तम प्रयोग हाच. वीज पुढच्या अंकात आली तेव्हा मला वाईट वाटले.

एक तक्रारही नोंदवतो, कारण नव्या भक्ताला तेवढा हक्क असतो. हल्ली 'नाट्यगीतांची मैफल' पुष्कळ ठिकाणी होते. चार गायक, एक निवेदिका, मागे फुलांची आरास. गाणी उत्तम होतात. पण मला ती पचत नाहीत. सिंधूचे पद तिच्या जात्यापासून तोडले की ती नुसती एक चीज उरते. गझलेतला एकच मिसरा घेऊन कुणी वाहवा मागावी, तसे. माणूस बोलता बोलता थांबतो, बोलणे पुरत नाही म्हणून गातो, आणि गाऊन पुन्हा बोलण्यावर येतो, ही जी ये-जा आहे ती मला हवी असते. जाणकार मंडळी मला सांगतात की पूर्वीही लोक फक्त गाण्यासाठीच येत, गद्य प्रवेश आला की पान खायला बाहेर जात. जात असतील. मी जात नाही, आणि पानही खात नाही.

साहेबांच्या ऑपेराची चवही याच वर्षी घेतली. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस मी पूर्वी फक्त बाहेरून पाहिले होते, तेही बंद असताना. 1911 साली पंचम जॉर्ज यांनी त्याचे उद्घाटन केले, पुढे तिथे बालगंधर्व, दीनानाथही गाऊन गेले, 1993 साली ते बंद पडले आणि 2016 साली पुन्हा उघडले. माझा ऑपेरा मात्र तिथे झाला नाही, तो आमच्या ओसरीवर झाला. मुलीने मोबाईलवर पुच्चिनीचा 'ला बोहेम' लावून दिला आणि आवाज थेट कानातल्या यंत्रात सोडला. हा 1896 सालचा इटालियन ऑपेरा. खाली इंग्रजी अक्षरे येत होती, पण भाषा कळत नसल्याने माझी आणि कान शाबूत असलेल्या मुलीची अवस्था सारखीच, हे मला आवडले. पॅरिसमध्ये कडाक्याच्या थंडीत चार कलावंत एका माळ्यावर राहतात. जळण संपलेले. त्यातला कवी रोडोल्फो आपल्या नाटकाचे हस्तलिखित एकेक अंक करून शेगडीत टाकतो आणि सगळे हात शेकतात. मी मोठ्याने हसलो. साहित्याचा इतका थेट उपयोग कुठे पाहिला नव्हता. शेवटी त्याची मिमी क्षयाने जाते. खोलीतल्या सगळ्यांना ते आधी कळते, कवीला सर्वांत शेवटी. तेव्हा मात्र हसू आले नाही.

त्यांच्यात सगळेच गातात, चहा दे म्हणायचे तरी गातात. मला आपली पद्धत अधिक रुचते. पण हा माणूस सवयीचा दोष असेल.

आमच्या मोहल्ल्यात ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. एका बुजुर्गांनी मला चहाच्या टपरीवर गाठले. "मियाँ, इस उमर में नाटक?" त्यांच्या विचारण्यात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना किल्ल्याकडे बोट दाखवले. मौलाना आझाद 1942 पासून आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथे त्यांनी आपल्या मित्राला उद्देशून पत्रे लिहिली, जी पाठवता येत नव्हती. तीच 'गुबारे खातिर' नावाने 1946 साली पुस्तकरूपाने आली. एप्रिल 1943 मध्ये मौलानांची पत्नी कलकत्त्यात वारली, आणि ते इथे किल्ल्यात होते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी एक लांबलचक पत्र लिहिले ते संगीतावर. तरुणपणी सतार कशी शिकलो, चांदण्या रात्री ताजमहालापाशी बसून ती कशी वाजवली, संगीतावाचून आपल्याला राहवत नाही, असे सगळे. कुराणावर भाष्य लिहिणारा आलिम, बायको गेलेली, दारावर पहारा, आणि तो संगीतावर लिहितो आहे. ते पत्र इथे, भिंगारच्या वाटेवरच्या त्या तटाच्या आत लिहिले गेले. बुजुर्गांनी चहाचा घोट घेतला. "मौलाना की बात और थी," म्हणाले.

ते खरेच होते. मी गप्प बसलो.

आणि मग 'कट्यार'. सप्टेंबरात मास्तर एका हौशी संस्थेच्या दोन मंडळींना घेऊन घरी आले. त्यांनी 'कट्यार काळजात घुसली' बसवायला घेतले होते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक 1967 चे, संगीत अभिषेकींचे, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले होते वसंतराव देशपांडे. खाँसाहेबांच्या मुलीचे, झरीनाचे काम सोलापूरच्या फैय्याज यांनी केले. त्याच फैय्याज 2015 साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. या मंडळींना माझ्याकडून हवे होते उर्दू उच्चार. खाँसाहेबाचे काम करणारा तरुण नेवाशाकडे प्राथमिक शिक्षक. गळा दमदार. पण 'ख़' म्हणायला गेला की 'ख', आणि 'ग़' म्हणायला गेला की 'ग'.

आता गंमत पाहा. शिकवायचे होते नेमके तेच, जे मला ऐकू येत नव्हते. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. ती माणसे एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटले, शिकवीन, पण माझ्या पद्धतीने. त्या शिक्षकाला समोर बसवले आणि माझी दोन बोटे त्याच्या गळ्यावर ठेवली. 'ग़' बरोबर आला तर गळा थरथरतो, मांजर गुरगुरते तसा, आणि मध्ये तुटत नाही. 'ख़' ला गळा गप्प राहतो, नुसती हवा घासत जाते, ती तळहात ओठांपुढे धरला की कळते. 'ज़' ला पुन्हा थरथर. कागदावर सगळे संवाद लिहून काढले, नुक्त्याखाली लाल शाई. अडीच महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये मी एका माणसाचा गळा धरून उर्दू शिकवत होतो. बाहेरून बघणाऱ्याला मारामारी वाटली असती.

तालमीत वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. दिग्दर्शकाने खाँसाहेबाला डोळ्यांत सुरमा, तोंडात कायम विडा आणि हातात अत्तराचा फाया दिला होता. मी म्हटले, अत्तराचे मला सांगू नका, तो आमचा धंदा होता. जो माणूस दरबारात गाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट बघत बसला असेल, तो तोंडात विडा धरून गाईल? दिग्दर्शक म्हणाले, "लोकांना खाँसाहेब बघताक्षणी ओळखू यायला हवा." मी म्हटले, गाताक्षणी ओळखू येऊ द्या.

या नाटकातला खाँसाहेब मला दुष्ट वाटत नाही. राजगायकाच्या मानाबरोबर त्याला कट्यार मिळते, जिने केलेला एक खून माफ आहे. पराभूत पंडितजींचा शिष्य सदाशिव चोरून त्याचे गाणे ऐकतो, शिकतो. खाँसाहेबाला आपली घराण्याची विद्या कुणाला द्यायची नाही. हा मत्सर गवयाचा आहे. तो कुणाही गवयाला होईल, पंडितांना आणि कवींनाही होतो, मला मुशायऱ्यात झालेला आहे. सुरम्याने तो एका जमातीचा होऊन बसतो. आणि ज्या रंगभूमीवर हे नाटक उभे आहे तिची तर गोष्टच वेगळी. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत, सारंगीवर कादरबक्ष. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात त्यांच्याबरोबर उभी राहिली, त्यांच्या भूमिका गाऊन गेली आणि त्यांची बायको झाली ती गोहर कर्नाटकी. वसंतराव स्वतः लाहोरला असद अली खाँसाहेबांपाशी शिकून आलेले. हे सगळे मी त्या संध्याकाळी एका दमात बोललो. हॉलमध्ये शांतता पसरली. मग सदाशिवचे काम करणारा मुलगा म्हणाला, "काका, थिरकवा म्हणजे कोण?" आणि पुढचा अर्धा तास मास्तर थिरकव्यांवर बोलत राहिले. तालीम राहिली बाजूला.

शेवटी सुरमा गेला. फायाही गेला. विडा एका प्रवेशात राहिला. दिग्दर्शकाचाही मान असतो.

डिसेंबरात प्रयोग झाला. दीडशे-पावणेदोनशे प्रेक्षक असतील. खरे सांगायचे तर प्रयोग मध्यम होता. दिवे दोनदा उशिरा पडले. सदाशिव वरच्या पट्टीत गळपटला. पण खाँसाहेब आला, आणि पहिल्या वाक्यात एक 'ग़' होता. मला तो ऐकू आला नाही, येणार नव्हताच. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो. गळा थरथरला. माझी बोटे आपोआप माझ्या स्वतःच्या गळ्यावर गेली. बेगमने कोपराने ढोसून विचारले, "क्या हुआ?" तिच्यापलीकडे आमच्या दोन भावजया बुरख्यात बसल्या होत्या. आयुष्यातले पहिले नाटक. झरीना बोलायला लागली की त्या पुढे सरकायच्या.

आमचे बुजुर्गही आले होते. शेवटच्या रांगेत, काठी धरून. मध्यंतरात इशाची नमाज गाठायला उठून गेले ते परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनीच हाक मारली. चहा मागवला. इकडचे तिकडचे विचारले, माझ्या कानाचे विचारले. मग हळूच म्हणाले, "आगे क्या हुआ? उस कट्यार का?"

मी सांगितले नाही. म्हटले, पुढच्या महिन्यात राहुरीला प्रयोग आहे, नमाज पढून आठ वाजता निघू. मास्तरांना सांगून जागा धरून ठेवतो, तुम्हाला कडेची आणि मला डावीकडची. उजवा कान अजून बरा आहे.